मुरगावची सोयीस्कर तटस्थता

१९४३ साली ईस्टर बराच उशिरा, २५ एप्रिलला आला. साहजिकच गोव्यातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, पुढे सरकला आणि त्याचा शेवटचा दिवस ९ मार्चला, मंगळवारी पडला. बुधवारपासून चाळीस दिवसांचे उपास लागणार, म्हणून मंगळवारची रात्र खाण्यापिण्याची आणि नाचगाण्याची. कुणाला गोव्याच्या बंदरात गुपचूप शिरायचं असेल, तर अख्ख्या वर्षात याहून सोयीची रात्र नव्हती.

त्या रात्री मुरगाव बंदरात चार परकी जहाजं नांगरून होती. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन, आन्फोरा हे इटालियन. मध्यरात्र उलटल्यावर गाळ वाहून नेणारी एक संथ, बेढब बार्ज एरेनफेल्सच्या कुशीला येऊन लागली. तिच्यातून जे लोक वर चढले, त्यांना पाहून कुणी सैनिक म्हटलं नसतं. कलकत्त्यातल्या कंपन्यांचे मॅनेजर, ताग आणि चहाच्या धंद्यातले साहेब, हिशेबनीस. बरेचसे चाळिशीच्या पुढचे. झटापट थोडाच वेळ चालली. एरेनफेल्सचा कप्तान रोफर आणि त्याचे काही साथीदार मारले गेले. उरलेल्या खलाशांनी जहाजाच्या तळाच्या झडपा उघडल्या आणि आग लावून दिली. ही तयारी त्यांनी आधीपासूनच करून ठेवलेली होती. ज्वाळा दिसताच बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं पेटवली. उजाडेपर्यंत चारही जहाजं कामातून गेली होती, आणि बार्ज कधीच समुद्रात दिसेनाशी झाली होती.

जगाला सांगण्यात आलं ते एवढंच, की कंटाळलेल्या खलाशांनी स्वतःच आपली जहाजं जाळली. यातला 'जाळली' हा भाग खरा होता. 'का जाळली' हे गाळलं होतं. निव्वळ खोटं असतं तर चार दिवसांत उघडं पडलं असतं. हे अर्धसत्य पस्तीस वर्षं टिकलं, कारण ते मोडण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या तटस्थतेत व्यवहार किती होता, हे येत नाही. इंग्लंडशी पोर्तुगालचा मैत्रीचा तह १३७३ सालापासूनचा. तो मोडायचा नव्हता. दुसरीकडे पोर्तुगालच्या खाणीतून निघणारं वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचं खनिज, चिलखत भेदणाऱ्या तोफगोळ्यांसाठी जर्मनीलाही हवं होतं आणि इंग्लंडलाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं ते दोघांनाही विकलं. लिस्बनमध्ये त्या काळी दोन्ही बाजूंचे हेर एकाच हॉटेलच्या बारमध्ये बसत आणि एकमेकांना ओळखत.

पूर्वेकडच्या वसाहतींना मात्र ही चैन परवडणारी नव्हती. डिसेंबर १९४१ मध्ये डच आणि ऑस्ट्रेलियन फौजा पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरल्या, कुणाचीही परवानगी न घेता. सालाझारनं निषेध नोंदवला. दोनच महिन्यांनी जपानी आले. मकाव जपान्यांनी ताब्यात घेतलं नाही, पण चहूबाजूंनी त्यांचाच वेढा होता आणि मकावचं सरकार त्यांच्याच तंत्रानं चालत होतं. गोव्याची गत याच्या उलट. तीन बाजूंना ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थानं, चौथ्या बाजूला ब्रिटिश आरमाराचा समुद्र. मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे ब्रिटिश भांडवलावर उभी राहिलेली. गोव्याचा तांदूळ बराचसा ब्रह्मदेशातून यायचा, तो १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर बंद झाला. मुंबईत नोकरी करणारे गोवेकर आणि ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर काम करणारे तारवटी यांच्या मनीऑर्डरींवर गोव्यातली कितीतरी घरं चालत. पणजीत बसलेल्या गव्हर्नर जनरल जुझे काब्राल यांनी कागदावर कितीही तटस्थ राहायचं ठरवलं, तरी चूल ब्रिटिशांच्या मर्जीवर पेटणार होती.

अशा या गोव्यात सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्धाला तोंड फुटताच, जर्मन जहाजांनी आसरा घेतला. तिन्ही जहाजं ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. ही कंपनी हिंदुस्थानच्या व्यापारात मुरलेली होती. मुंबई-कलकत्त्याचा किनारा तिच्या कप्तानांना पाठ होता. आता पकडलं जाण्यापेक्षा तटस्थ बंदरात नांगर टाकून युद्ध संपायची वाट पाहावी, एवढाच त्यांचा हिशेब. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोराही तिथेच अडकलं.

इथे आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यातली गोष्ट सांगायला हवी. चाकणला आज फोक्सवॅगनचा कारखाना आहे, मर्सिडीज-बेंझचा आहे. पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमध्ये जर्मन कुटुंबं राहतात आणि शनिवार-रविवारी त्यांच्या गाड्या आंबोली नाहीतर चोर्ला घाटातून गोव्याला जातात. १९३९ साली मात्र याच मुलखात जर्मन माणूस म्हणजे कैदी. हिंदुस्थानात राहणारे जर्मन पुरुष, मग ते व्यापारी असोत, मिशनरी असोत की गिर्यारोहक, पकडून छावण्यांत ठेवले गेले. अहमदनगर, देवळाली, सातारा आणि पुण्याजवळचा पुरंदर इथे अशा छावण्या होत्या. तिबेटमधल्या वास्तव्यामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक आधी नगरला, मग देवळालीला आणि शेवटी डेहराडूनला ठेवला गेला. तिथून तो १९४४ मध्ये पळाला. या कैद्यांमध्ये हिटलरच्या भयानं देश सोडून आलेले ज्यूही होते. ज्या राजवटीनं त्यांना हाकललं, तिचेच नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना कोंडलं. कागदावर सगळे शत्रुराष्ट्राचे. पुरंदरच्या माचीवर तारेच्या कुंपणामागे एक नाझीद्वेष्टा बसलेला आणि त्याच वेळी कॅसलरॉकच्या पलीकडे, मुरगावच्या टॅव्हर्नात, त्याच देशाचे खलाशी मोकळेपणानं फेणी पीत बसलेले. हे सगळं ठरलं होतं माणूस सीमेच्या कुठल्या बाजूला सापडला यावर.

इंग्रजांना या जहाजांची भीती वाटत होती आणि ती सुरुवातीला तरी पोकळ नव्हती. एरेनफेल्सची दोन भावंडं, गोल्डेनफेल्स आणि कांडेलफेल्स, जर्मन आरमारानं छुप्या युद्धनौका बनवली होती. गोल्डेनफेल्सचं नाव झालं अटलांटिस, कांडेलफेल्सचं पिंग्विन. तटस्थ देशांचे झेंडे लावून, व्यापारी जहाजांचा वेष घेऊन ती हिंदी महासागरात हिंडली. एकट्या अटलांटिसनं २२ जहाजं बुडवली किंवा पकडली. एरेनफेल्स त्याच घडणीचं, तेवढंच वेगवान. ते बंदरातून निसटलं आणि त्यावर तोफा चढल्या, तर काय होईल, हा प्रश्न १९४० साली योग्यच होता. पण १९४३ उजाडेपर्यंत पिंग्विन आणि अटलांटिस दोन्ही समुद्राच्या तळाशी गेली होती आणि व्यापारी जहाजांच्या वेषातल्या युद्धनौकांचा जमानाही सरत आला होता.

मग नवी भीती उभी राहिली, बिनतारी संदेशांची. पणजीत रॉबर्ट कोख नावाचा जर्मन हेर आहे, 'ट्रॉम्पेटा' हे त्याचं टोपणनाव. ब्रिटिश जहाजं कधी कुठून निघतात याची माहिती तो गोळा करतो, एरेनफेल्सवर दडवलेल्या ट्रान्समीटरवरून ती पाणबुड्यांना जाते आणि जहाजं बुडतात. ब्रिटनच्या गुप्त कारवायांसाठी नेमलेल्या एसओई या संघटनेच्या हिंदुस्थान शाखेचं हे म्हणणं. तिचे दोन अधिकारी, लुईस प्यू आणि गॅव्हिन स्टुअर्ट, १९४२ च्या अखेरीस मोटारीनं गोव्यात शिरले. कोखला आणि त्याची बायको ग्रेटे हिला पणजीतून उचललं आणि सीमेपार ब्रिटिश हद्दीत आणलं. हातात वॉरंट नव्हतं, समोर कुठलं न्यायालय नव्हतं. आणि गोव्याच्या सरकारच्या नाकाखालून दोन माणसं पळवली गेली, तरी पणजीतून फार मोठा गहजब झाला नाही.

आता गंमत अशी, की कोख गेल्यावरही संदेश चालूच राहिले, असं एसओईनंच म्हटलं. सरळ विचार करणारा माणूस इथे थांबेल आणि स्वतःला विचारेल, मग आपण चुकीचा माणूस तर उचलला नाही ना? किंवा ट्रान्समीटरची माहितीच कच्ची तर नाही? पण गुप्त खात्यांचा तर्क बहुधा वेगळ्या वाटेनं जातो. माणूस पकडून संदेश थांबले नाहीत, म्हणजे आता जहाजच संपवलं पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

अडचण कायद्याची होती. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशाच्या बंदरात युद्धकृत्य करणं हा त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग ठरतो. शिवाय पोर्तुगालला दुखवणं लंडनला त्या घडीला मुळीच परवडणारं नव्हतं. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडलेला आणि त्यांना रोखायला विमानं उडवण्यासाठी अझोरेस बेटांवरचे तळ हवे होते. ती बेटं पोर्तुगालची. म्हणून नियमित सैनिक नकोत. पकडले गेले तरी सरकारला कानावर हात ठेवता येतील अशी माणसं हवीत.

ती कलकत्त्यात सापडली. कलकत्ता लाइट हॉर्स हे १८७२ साली उभं राहिलेलं हौशी घोडदळ. बोअर युद्धानंतर त्यानं प्रत्यक्ष लढाई पाहिलेली नव्हती. युद्धात आपला उपयोग नाही, हे शल्य त्यातल्या प्रौढ साहेबांना बोचत होतं. लाइट हॉर्सचे १४ आणि कलकत्ता स्कॉटिशचे ४ असे स्वयंसेवक निवडले गेले. पदक मिळणार नाही, पेन्शन मिळणार नाही, मेलात तर नाव निघणार नाही, अशा अटींवर ते तयार झाले. कलकत्त्याहून फीबी नावाची बार्ज लंकेला वळसा घालून निघाली. बहुतेक मंडळी रेल्वेनं कोचीनला जाऊन तिथे तिच्यावर चढली.

त्यातला एकजण मात्र आधीच गोव्यात पोचला होता. त्यानं दोन कामं केली. बंदरातल्या जहाजांच्या अधिकाऱ्यांसाठी किनाऱ्यावर मेजवानी घडवून आणली. आणि वेश्यावस्तीत पैसे मोजून खलाशांसाठी काही दिवस सगळं फुकट ठेवण्याची सोय केली. जहाजं जेवढी रिकामी, तेवढं काम सोपं. हा डाव नवा नव्हता. जानेवारी १९४२ मध्ये याच एसओईनं आफ्रिकेजवळच्या फर्नांदो पो या स्पॅनिश बेटावर, तेही तटस्थ, हुबेहूब असंच केलं होतं. सांता इसाबेल बंदरात इटालियन जहाज, अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर जेवणाचं आमंत्रण, अंधारात छापा आणि जहाज ओढून पसार. नंतर ब्रिटनच्या सरकारनं हात झटकले. मुरगावला फरक इतकाच पडला, की इथे जहाज ओढून न्यायला उरलं नाही आणि माणसं मेली.

हा वेश्यावस्तीचा भाग या छाप्यावर पुढे निघालेल्या पुस्तकात आणि नंतरच्या चित्रपटात मोठ्या मिश्कीलपणे येतो. वाचणाराही हसतो. ज्या बायकांच्या अंगावर ही युक्ती बेतली होती, त्या या कथेत फक्त खर्चाची एक बाब आहेत. पोर्तुगीज अमलातल्या एका हिंदुस्थानी बंदरातल्या गरीब बायका, पैसे देणारे इंग्रज, येणारे जर्मन. युद्धाचं कारण या बायकांपैकी एकीचंही नव्हतं.

छाप्याचा खरोखर काय उपयोग झाला, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. ब्रिटिश कथनातलं उत्तर ठाम आहे. मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत हिंदी महासागरात १२ जहाजं बुडाली होती, छाप्यानंतर उरलेल्या महिन्यात फक्त एक. ट्रान्समीटर जळाला, पाणबुड्या आंधळ्या झाल्या. आकडे असे बोलके असले की कुणी पुढे पाहत नाही.

पण नकाशा उघडून पाहावं. त्या आठवड्यात गाजलेली सर्वांत मोठी चढाई जर्मन पाणबुडी यू-१६० हिची, ३ आणि ४ मार्चची, डर्बनहून निघालेल्या काफिल्यावरची. डर्बन मुरगावपासून साडेसहा हजार किलोमीटरांहून लांब. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली जहाजं शोधायला गोव्यातल्या एका नांगरलेल्या जहाजाची गरज नव्हती. या पाणबुड्या 'सीहुंड' नावाच्या तुकडीत आफ्रिकेच्या टोकापाशी आल्या होत्या आणि मार्चअखेर त्यांची घरी परतायची वेळ झाली होती. इंधन आणि टॉर्पेडो संपले की पाणबुडी परत जाते, मग मागे ट्रान्समीटर असो वा नसो. हिंदी महासागरात खोल शिरून, अरबी समुद्राच्या वाटांवर शिकार करणारी 'मोनसून' तुकडी पोचली ती सप्टेंबर १९४३ मध्ये. म्हणजे मुरगावची जहाजं जळून सहा महिने झाल्यावर. मुंबईच्या वाटेवरचा जर्मन धोका एरेनफेल्स बुडाल्यावर वाढला, असंच तारखा सांगतात.

एरेनफेल्सवर ट्रान्समीटर नव्हता, असं मी म्हणत नाही. मोठ्या जहाजावर बिनतारी यंत्र असतंच, आणि युद्धात अडकलेला खलाशी ते वापरून पाहणार नाही असं कोण म्हणेल? माझं म्हणणं एवढंच, की बुडालेल्या जहाजांचा आणि मुरगावच्या यंत्राचा जो कार्यकारणभाव जोडला जातो, तो तारखांपुढे टिकत नाही. तटस्थ बंदरात, नांगरून पडलेल्या जहाजावर, कप्तानाला मारण्याइतका पुरावा त्या रात्री कुणाकडे नव्हता. आणि पुरावा तपासायला लागू नये, म्हणूनच तर सगळं गुप्त ठेवलं होतं.

ही गुप्तता पोर्तुगालनंही मनापासून पाळली. आपल्या बंदरात ब्रिटिश शिरले, हे मान्य केलं तर निषेध करावा लागणार. निषेध केला तर उत्तर मागावं लागणार. त्यापेक्षा जर्मन खलाशांनी गोव्याचं बंदर धोक्यात आणलं, हे म्हणणं सोपं. वाचलेले खलाशी पोर्तुगीजांच्या कैदेत गेले. जर्मनी दूर होती आणि स्टालिनग्राडनंतर तिचं पारडं झुकू लागलं होतं. सालाझारला वारा कळत होता. ऑगस्ट १९४३ मध्ये अझोरेसच्या तळांचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश विमानं तिथे उतरली. मुरगावच्या तटस्थतेचा भंग पोर्तुगालनं पोटात घातला, त्याची किंमत कुठे लिहिलेली नाही. पण दोन्ही गोष्टी सहा महिन्यांच्या आत घडल्या, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

त्याच ऑक्टोबरमध्ये मुरगाव पुन्हा एकदा तटस्थ झालं. जपानहून तेइया मारू हे जहाज आलं, अमेरिकेहून ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज आलं. एकावर जपानी मुलखात अडकलेले अमेरिकन आणि कॅनेडियन नागरिक, दुसऱ्यावर अमेरिकेतून परत निघालेले जपानी. प्रत्येक बाजूला सुमारे दीड हजार माणसं, त्यात मिशनरी, परिचारिका, लहान मुलं. धक्क्यावर अदलाबदल झाली आणि दोन्ही जहाजं आपापल्या वाटेनं गेली. यावेळी कुणी कुणावर चढाई केली नाही. तटस्थ बंदराची गरज सगळ्यांना होती, फक्त प्रत्येकाला ती आपल्या सोयीच्या दिवशी हवी होती.

युद्ध संपलं, पण गोवा पोर्तुगीजच राहिला. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली, आणि परक्यांची युद्धं झेलणाऱ्या गोव्यात आपलीच लढाई सुरू झाली. १९५५ मध्ये पुण्याहून ना. ग. गोऱ्यांची सत्याग्रही तुकडी गेली. गोऱ्यांना आग्वादच्या तुरुंगात टाकलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर भारतानं सीमा बंद केली. आणि मग गोव्याच्या इतिहासातला खरा गुप्त ट्रान्समीटर सुरू झाला, तोही आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत. आंबोलीच्या जंगलात २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई रोज कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये बोलू लागले. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं. डिसेंबर १९६१ पर्यंत, सहा वर्षं, जंगलातल्या साप-जळवांसोबत राहून दोघांनी ते चालवलं. एसओईला एरेनफेल्सवर जे यंत्र दिसलं, त्याचा आवाज सामान्य गोवेकरानं कधी ऐकला नाही. आंबोलीचा आवाज पोर्तुगीज पोलिसांच्या भीतीनं दारं लावून, पण घरोघर ऐकला गेला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय आरमाराच्या तोफांनी अफोन्सो द अल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगावच्याच बंदरात घायाळ केली आणि ती बांबोळीजवळ किनाऱ्याला चढली. यावेळी बंदर तटस्थ नव्हतं आणि कुणी तसा आवही आणला नाही.

तटस्थतेची चेष्टा करावी, असं मला वाटत नाही. पिंपरीत राहून तर मुळीच नाही. १९५४ साली इथे एच. ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पुढे स्ट्रेप्टोमायसीनसाठी अमेरिकेच्या मर्कशी करार झाला. दुसरीकडे सोव्हिएत मदतीनं १९६१ मध्ये आयडीपीएल स्थापन होऊन हृषीकेशला प्रतिजैविकांचा कारखाना आला. शीतयुद्धात दोन्ही गटांत न गेलेल्या देशानं दोन्हीकडून औषध बनवायची विद्या घेतली. दोघांनाही त्यात आपला डाव दिसत होता आणि नेहरूंनाही ते ठाऊक होतं. ही तडजोड होतीच. पण तिच्यातून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पेनिसिलीनची बाटली पोचली. सालाझारच्या तडजोडीतून काय पोचलं, तर लिस्बनच्या बँकेत सोनं.

गुप्ततेची आपल्याला इथे सवय आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचा डेपो, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, सगळं आपल्या रोजच्या रस्त्यावर. छायाचित्र काढण्यास मनाई, हे फलक लहानपणापासून पाहिलेले. चाकणच्या कारखान्यात पाहुणा म्हणून गेलात तर गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मे २०२३ मध्ये आळंदी रस्त्यावरच्या डीआरडीओच्या संस्थेच्या तेव्हाच्या संचालकाला पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून राज्याच्या एटीएसनं अटक केली, तेव्हा सगळ्या भागात तीच चर्चा होती. त्या आरोपांचा निकाल न्यायालय देईल. आरोपपत्र असतं, वकील असतो, उलटतपासणी असते. कोख दांपत्याच्या आणि रोफरच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. हेरगिरीचा आरोप खरा असो की खोटा, तो न्यायालयात नेणं आणि न नेणं यात किती अंतर असतं, ते या दोन प्रकरणांवरून दिसतं.

लाइट हॉर्स १९४७ मध्ये विसर्जित झालं. १९७८ मध्ये जेम्स लीझरचं 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक आलं आणि मुरगावची गोष्ट पहिल्यांदा सविस्तर बाहेर पडली. १९८० मध्ये 'द सी वुल्व्ज' हा चित्रपट आला, बराचसा गोव्यातच चित्रित झालेला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निवन. म्हातारे साहेब पुन्हा एकदा तरुण होतात, अशी ती गोष्ट. पाहायला मजा येते, नाकारत नाही. त्याच १९८० साली एरेनफेल्सची मालक हान्सा कंपनी दिवाळखोरीत निघाली. ब्रेमेनमध्ये ही गोष्ट आपल्या बाजूनं सांगायला मग मालकही उरला नाही.

गोव्याच्या बाजूनं तर ती कुणी सांगितलेलीच नाही. इंग्रजी पुस्तकात गोवेकर येतात ते लाच घेणारे अधिकारी, बारवाले आणि नाचणारी गर्दी म्हणून. त्या पहाटे वास्कोच्या टेकडीवरून पेटलेली जहाजं पाहणारे, त्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून चर्चमधून परतताना धुराचा वास घेणारे, बंदरावर हमाली करणारे, कॅसलरॉकच्या गाडीवरचे गार्ड, सावंतवाडी-बांद्याच्या नाक्यावरून तांदूळ चोरून आणणारे, यांना त्या रात्रीबद्दल काय वाटलं? खरी हकीगत बाजारात फिरली असणारच. अशा गोष्टी सरकारं दडपतात तेव्हा टॅव्हर्नात त्या अधिक रंगतात.

त्या रात्री वीस वर्षांचा असलेला माणूस आज असेल तर शंभरी ओलांडलेला असेल. अशांची मुलं आता सत्तरीच्या पुढे आहेत. वास्को, मुरगाव, बायणा, कुठ्ठाळी, तसंच सावंतवाडी, बेळगाव आणि मुंबईतल्या गोवेकर कुटुंबांमध्ये कुणाच्या आजोबांनी, आजीनं ९ मार्च १९४३ ची काही आठवण सांगितली असेल, बंदरातलं एखादं पत्र, खलाशाचं छायाचित्र, जुना पगाराचा कागद पेटीत पडला असेल, तर तो या दिवाळीत बाहेर काढा. ऐकीव गोष्ट असेल तर कुणाकडून, केव्हा ऐकली तेही लिहा. आणि त्याची एक प्रत पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे द्या.